चौथ्या प्रश्नाचं उत्तर

मला लोकांची वाक्यं पुरी करायची खोड आहे. लग्नानंतर जडली असं मी सगळ्यांना सांगते, पण आई होती तेव्हा ती म्हणायची, "लग्नाला कशाला नावं ठेवतेस, पाळण्यातच होती." आमचे हे बोलायला लागले की शेवटचं क्रियापद येईपर्यंत माझी अर्धी भाजी चिरून होते. "आज ऑफिसात साहेब म्हणत होते की त्या कपाटाची किल्ली..." एवढं झालं की मी म्हणते, "हरवली, आणि शेवटची तुमच्याकडेच होती." बहुतेक वेळा बरोबर निघतं. चुकत असते तर खोड कधीच मोडली असती.

अशा बाईला कॉलेजने दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं लिहून घ्यायचं काम दिलं, म्हणजे बघा.

आमच्या खोलीवर 'साहाय्य कक्ष' अशी पाटी आहे. तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकून ठेवायचे. आता एक वर-खाली होणारं टेबल आहे, पुस्तकातलं अक्षर पंज्याएवढं करून दाखवणारा पडदा आहे, दोन कॉम्प्युटर, पाठ टेकायला एक कॉट, आणि मी. ज्याला दिसत नाही त्याला वाचून दाखवायचं, जिला ऐकू येत नाही तिच्या शेजारी बसून तासाचं टिपण काढायचं. वर्गातल्या गोंगाटाने एकाचं डोकं भणभणतं, त्याला घेऊन दहा मिनिटं व्हरांड्यात गप्प उभं राहायचं. या नोकरीतलं मला सर्वांत जड जाणारं काम तेच. लिफ्ट बंद असली की वॉचमनशी भांडायचं, ते सर्वांत सोपं. आणि परीक्षा आल्या की लेखनिक व्हायचं. ज्याचा हात चालत नाही त्याने सांगायचं, आपण लिहायचं, मधे आपलं डोकं आणायचं नाही.

बॅरिस्टर आमच्याकडे आली तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला हे नाव आम्हीच ठेवलं. तिची व्हीलचेअर लायब्ररीच्या टेबलाखाली जात नव्हती, म्हणून एक टेबल उंच करून मिळावं यासाठी ती चार महिने भांडली, आणि जिंकली. जन्मापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत. उजवीकडे न्यायचा हात डावीकडे जातो, मान मधेच झटका देते, आणि जीभही त्याच घराण्यातली. शब्द बाहेर येतो तो ताणलेला, चेपलेला, शेवट श्वासात विरलेला. डोकं मात्र लख्ख, आणि स्वभाव माझ्यापेक्षा तिखट.

पहिले पंधरा दिवस मला तिचं ओ की ठो कळत नव्हतं. मी आपली "हो हो, बरोबर" करत मान हलवायची. एक दिवस तिने मला अडवलं आणि तीनतीनदा तेच म्हणत राहिली. शेवटी तिच्या आईने हसू दाबत सांगितलं, "ती म्हणतेय, मी काय म्हणाले ते सांगा." माझी बोबडीच वळली. त्यानंतर मी मान हलवणं सोडलं आणि ऐकायला लागले. कधीतरी, खरखर करणाऱ्या रेडिओवर स्टेशन लागावं तसं, तिचं बोलणं मला लागलं. बाकी जगाला लागत नव्हतं. मग वर्गात, ऑफिसात, कँटीनमध्ये तिचं तोंड मीच झाले.

तिने मला नियम घालून दिला होता. 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. ती 'मला' म्हणाली की मीही 'मला' म्हणायचं. त्यामुळे कँटीनवाल्यासमोर मी म्हणायची, "मला चहात दोन चमचे साखर, आणि या बाईंना काय विचारता, मला विचारा." तो बिचारा माझ्याकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा आणि तीन चमचे घालून मोकळा व्हायचा. आम्ही दोघी खिदळायचो. पण या सगळ्याचा मला थोडा माज चढला, हे कबूल करते. दोन वर्षांत ती कुठल्या शब्दाकडे निघालीय हे मला तिच्या आधी कळायला लागलं होतं, आणि ते मला माझं कौशल्य वाटत होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जीवशास्त्राच्या पेपरात तिला बेचाळीस गुण पडले. पास व्हायला चाळीस लागतात. पास झाली म्हणून मी खोलीत सगळ्यांना बिस्किटं वाटली. बॅरिस्टरने बिस्किट खाल्लं नाही. तिच्या हिशेबाने पन्नासच्या वर पडायला हवे होते. कुठल्या प्रश्नाला कुणी किती कापले ते बघून त्यांना धारेवर धरायचं, म्हणून तिने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. मी मनात म्हटलं, घ्या, आता महिनाभर करमणूक झाली.

प्रत आली ती एका शुक्रवारी. तिची आई तिला सोडून कॉटवर बसली होती, मी टेबल खाली घेतलं आणि एकेक पान उलटत गेले. अक्षर अर्थातच माझं. पहिल्या प्रश्नाला ती "ठीक" म्हणाली, दुसऱ्याला "यांना अक्कल नाही" म्हणाली, तिसऱ्याला काहीच म्हणाली नाही. चौथ्याला म्हणाली, "थांबा."

चौथा प्रश्न रोहिणी आणि नीला यांच्यातला फरक. या कुणी दोघी जावा नाहीत, रक्तवाहिन्या आहेत. रोहिणी हृदयातून रक्त बाहेर नेते, नीला परत आणते. आठ गुणांचा प्रश्न, सात मिळालेले.

"वा," मी म्हटलं, "इथे तर एकच कापलाय."

"हे मी बोलले नव्हते."

"अगं, बोललीस म्हणून तर लिहिलं."

"मी उलटं बोलले होते." तिचा श्वास पुरेना. ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून बोलली. "रोहिणी परत आणते, नीला बाहेर नेते. असं बोलले होते. घरी जाऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं. जेवले नाही त्या दिवशी. आईला विचारा."

मी तिच्या आईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"तुझाच काहीतरी घोटाळा होतोय," मी जरा आवाज चढवूनच म्हणाले. "परीक्षेच्या धास्तीत काय बोललो ते कुणाला आठवतं? मला नियम शिकवू नकोस. जे ऐकाल तेच लिहा, हा कागद त्या भिंतीवर मीच चिकटवलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची मान सहसा एका जागी ठरत नाही, पण तेव्हा ठरली होती. मग तिने विचारलं, "माझ्या बेचाळीसमधले सात तुमचे असतील, तर उरलेले पस्तीस माझे आहेत हे कोण मानेल?"

मी पान उलटलं. मग परत मागे आणलं. तिसऱ्या ओळीत 'रोहिणी' या शब्दाआधी शाईचा एक टिपका होता.

तिच्या आईने मला व्हरांड्यात गाठलं. ही बाई गेली वीस वर्षं मुलीला उचलून ठेवत आलेली, खांदे पहिलवानासारखे झालेले. "ताई, तिला समजवा. ती वर कळवायचं म्हणतेय. सात गेले की पस्तीस. वर्ष गेलं. वर फसवणूक म्हणून तिला कायमचं घरी बसवलं तर? ती तिच्या बापाचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. अहो, लोक मार्कांसाठी काय काय करतात, हिच्या पदरात आपण होऊन पडलेत तर नको म्हणतेय. आणि तुमचंही काम जाईल ते वेगळंच."

"मी बदललं असं कुठे ठरलंय अजून?" मी म्हणाले.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली. मग म्हणाली, "मी काही तिच्याबरोबर जाणार नाही. माझ्या लेकराचं नुकसान मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. सांगायचं तर तिचं ती बघेल."

संध्याकाळी घरी मी ह्यांना सगळं सांगितलं. भाजीची सुरी हातात, बोलताना तोंडाचा पट्टा चालू. पोरगी अतिशहाणी आहे, दोन वर्षं राब राब राबले त्याचं हे फळ, करायला गेले काय आणि झालं काय. हे सावकाश ऐकत होते. मग म्हणाले, "तुला ते..."

माझ्या तोंडाशी आलं होतं, 'आधी सांगायला हवं होतं.' पण कसं कोण जाणे, मी थांबले. ह्यांनी आपल्या वेळात वाक्य पुरं केलं.

"तुला ते तेव्हाच कळलं होतं ना?"

मी सुरी खाली ठेवली.

कळलं होतं. परीक्षेची ती वेगळी खोली, पर्यवेक्षक खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसलेले, त्यांना तिचा एक शब्द कळत नव्हता. ती म्हणाली, "रोहिणी रक्त हृदयाकडे आणते." माझं पेन कागदाला टेकलं होतं आणि तिथेच थांबलं. एक श्वास. हे उत्तर मी तिच्यासाठी वहीत कितीदा लिहिलं होतं. तिला ते येतं, हे मला माहीत होतं. जीभ घसरली असेल बिचारीची, इतक्या कष्टाने बोलते, त्यात शब्दाची अदलाबदल झाली तर काय मोठंसं? हे सगळं त्या एका श्वासात माझ्या डोक्यात आलं, आणि मी बरोबर लिहिलं. पुढच्या क्षणी विसरूनही गेले. म्हणजे विसरायचं ठरवलं. तिची जीभ घसरलीच नव्हती. तिला तेव्हा खरंच चुकीचं आठवत होतं, आणि चुकायचा तिचा हक्क मी परस्पर काढून घेतला होता. मला माझा असा राग आला की मी ती भाजी तशीच झाकून ठेवली. त्या दिवशी आम्ही आमटीभातावर भागवलं.

सोमवारी बॅरिस्टरने अर्ज स्वतः टाइप केला. मोठ्या बटणांचा कीबोर्ड आहे आमच्याकडे. मुठीत एक काठी धरून ती एकेक बटण दाबते, दाबू नये ते दाबलं जातं, मग ते खोडायचं. पेपर असा द्यायचा तर तीन तासांचे तीन दिवस होतील, म्हणून लेखनिक लागतो. तिला एक तास दहा मिनिटं लागली. मी शेजारी हात मांडीखाली दाबून बसले होते. अर्जात एवढंच होतं: 'चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी सांगितलेलं नाही. मला समक्ष बोलायचं आहे.'

आमच्या कक्षाच्या प्रमुखांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "परीक्षा नियंत्रक कसे आहेत माहीत आहे ना? नियम म्हणजे नियम. दोघींनी नीट विचार केलाय का?" मग मला म्हणाल्या, "आणि तिचं म्हणणं सांगायला तुम्ही जाऊ नका. तक्रार तुमच्याविरुद्ध आणि बोलणार तुम्हीच, हे बरं दिसत नाही."

"दुसरं कुणाला माझं कळतं?" बॅरिस्टरने विचारलं. मी ते मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांना स्वतःला निम्मंच कळत असे. मग बॅरिस्टर म्हणाली, "ताईच येतील. बदलतात की नाही, ते मला बघायचंय."

हेही मीच सांगितलं, जसंच्या तसं. सांगताना कानशिलं तापली होती.

बुधवारी अकरा वाजता आम्हाला बोलावलं. नियंत्रकांची खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट त्या दिवशी शहाण्यासारखी चालू होती. तिची आई लिफ्टपर्यंत आली आणि तिथून परत फिरली. जाताना तिने मुलीच्या कॉलरची घडी नीट केली.

नियंत्रक म्हणजे साठीकडे झुकलेला, बारीक, इस्त्रीचा माणूस. टेबलाच्या काचेखाली वेळापत्रकं, एकावर एक कोपरे जुळवलेली. त्यांनी व्हीलचेअरसाठी स्वतः उठून खुर्ची बाजूला सरकवली, हे मला आवडलं. पण बसल्यावर बोलले ते माझ्याशी. "हं, काय म्हणणं आहे हिचं?"

मी बॅरिस्टरकडे बघितलं. ती बोलायला लागली. तिला वेळ लागत होता, नियंत्रक घड्याळाकडे बघत होते, आणि मी प्रत्येक तुकड्यानंतर तेवढाच तुकडा म्हणत होते.

"माझ्या लेखनिकाने माझं उत्तर बदललं."

त्यांनी मान वर केली.

"मी चूक उत्तर सांगितलं होतं. त्यांनी बरोबर लिहिलं. मला सात गुण मिळाले. ते माझे नाहीत. ते काढून घ्या."

"एक मिनिट," नियंत्रक म्हणाले. "लेखनिक कोण होतं?"

"मी," मी म्हणाले. मग गोंधळ नको म्हणून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "हे माझं बोलणं. मी होते."

त्यांनी पेन उघडलं. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत त्यांच्याकडे गुण वाढवून मागायला माणसं आली असतील, रडत आली असतील, ओळखी सांगत आली असतील. गुण परत करायला बहुधा कुणी आलं नसावं.

"कसं काय बदललं?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी तिला विचारलं.

ती म्हणाली, "चुकून. त्यांना माझं बोलणं पाठ झालंय. हात आपोआप गेला असेल."

आता बघा. गेले चार दिवस ती मला एका शब्दाने लागट बोलली नव्हती, पण हसलीही नव्हती. मला वाटलं होतं इथे ती माझं नाव काळं करेल, आणि मी ते मुकाट्याने म्हणायची तयारी करून आले होते. त्याऐवजी तिने मला वाट काढून दिली. सोन्यासारखी वाट. मला फक्त तिचंच वाक्य म्हणायचं होतं, नियमाप्रमाणे, जसंच्या तसं.

मी ते म्हणाले. "चुकून. त्यांना माझं बोलणं पाठ झालंय. हात आपोआप गेला असेल." मग मी श्वास घेतला. "साहेब, हे तिचं झालं. आता माझं लिहून घ्या. चुकून नाही. ती चुकतेय हे मला कळलं होतं. पेन थांबलं होतं. मग मी बरोबर लिहिलं. तिने मला खूण केली नाही, तिला ठाऊकही नव्हतं. प्रत बघेपर्यंत तिला काही माहीत नव्हतं."

बॅरिस्टरचं डोकं गर्रकन माझ्याकडे वळलं. तिचा हात उडाला आणि टेबलाच्या काचेवर आपटला. नियंत्रक दचकले. मी दचकले नाही, मला तो हात ओळखीचा आहे.

बराच वेळ ते लिहीत होते. मग म्हणाले, "पेपर रद्द करावा लागेल. सात गुणांपुरतं नाही, संपूर्ण पेपर. पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा आहे, त्यात बसता येईल. विद्यार्थिनीने स्वतः कळवलंय, त्यामुळे तिच्यावर कारवाई नाही." त्यांनी पान उलटलं. "तुमच्याबद्दल मात्र प्राचार्यांना लिहावं लागेल. या कामावर ठेवू नये, असंच लिहावं लागेल. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हणाले. खरंच कळत होतं. ती जिन्याजवळची खोली, तो पडदा, व्हरांड्यात गप्प उभं राहणारा मुलगा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. सेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं काय येतं?

तेवढ्यात बॅरिस्टर बोलली. "माझ्या लेखनिकाला कामावरून काढू नका."

माझं तोंड उघडलं आणि मिटलं. हे वाक्य मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

"काय म्हणाली?" नियंत्रकांनी विचारलं.

"सांगा," बॅरिस्टर मला म्हणाली.

मी नकारार्थी मान हलवली. ती लाल झाली. "सांगा! परत तेच करताय."

बरोबर होतं तिचं. तेव्हा माझं घातलं होतं, आता तिचं गाळत होते. मी खाली बघत, चोरासारखं म्हणाले, "माझ्या लेखनिकाला कामावरून काढू नका."

नियंत्रकांनी पेन टेबलावर ठेवलं. ते चिडले नव्हते, उलट थोडं वाईट वाटल्यासारखे दिसले. "बाई, तुमच्याविरुद्धची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकली, मानली. तुमच्या बाजूची गोष्ट तुमच्याच तोंडून कशी मानू? तुम्हीच आत्ता सांगितलंत की तुम्ही हिचं बोलणं बदलता."

मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते, आणि एवढ्या सभ्यपणे म्हणाले नसते.

बॅरिस्टरने डोळे मिटले. तिला मोठं काही बोलायचं असलं की ती आधी श्वास गोळा करते. मग म्हणाली, "ताई, तुम्ही बाहेर जा."

"ताई, तुम्ही बाहेर जा," मी सवयीने नियंत्रकांना सांगितलं. मग माझ्या लक्षात आलं आणि मी उठले.

बाहेर बाक होतं. शिपाई स्टुलावर बसून पाकिटांना तिकिटं चिकटवत होता. दार मी लोटलं होतं, पण ते नीट लागलं नाही. बोटभर फट राहिली, आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

आधी तिचा आवाज. मग नियंत्रकांचा, "काय?" पुन्हा तिचा. "परत बोल." पुन्हा तिचा, जास्त ताणून, त्यामुळे जास्तच बिघडलेला. अगं, ताणू नकोस, मी मनात म्हणत होते, साधं बोल. आणि साहेब, तुम्ही तिच्या तोंडाकडे बघू नका, तोंडाने फसगत होते, नुसतं ऐका. हे मला सांगता आलं असतं. दार ढकलून एका वाक्यात सांगता आलं असतं. मी बाकाची कड धरून बसले.

"लिहून आणतेस का?" आतून आवाज आला. "नाही," ती म्हणाली. तिचा 'नाही' कुणालाही कळतो.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. शिपायाने हातातलं काम थांबवलं. "बाई, साहेबांना कळत नाहीये. तुम्हाला कळतं ना? जा ना आत."

"नाही जाणार."

"ती पोरगी दमलीय हो."

"दमू दे," मी म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले. "दमली की थांबेल, मग परत बोलेल. तिची सवय आहे."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नियंत्रक बहुतेक टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला येऊन बसले. आता त्यांचा आवाज खालून, जवळून येत होता. "माझ्या... लेखनिकाला... हे कळलं. पुढे?"

"काढू नका," ती म्हणाली. साहेबांनी विचारलं, "काढू... काढू नका? बरोबर?" ती म्हणाली, "हो." माझा श्वास सुटला. त्यांना लागलं होतं. रेडिओ लागला होता.

मला वाटलं, झालं. पण ती थांबली नाही. तिने पुन्हा श्वास गोळा केला आणि पुढचं वाक्य बोलली. मला ते पहिल्याच खेपेला कळलं, नियंत्रकांना कळायच्या कितीतरी आधी. मी बाहेर एकटीच ते घेऊन बसले होते आणि ते आतमध्ये एकेक शब्द उचलत होते. तिसऱ्या खेपेला, चौथ्या खेपेला. मला वाटत होतं त्यांना ते कळूच नये, आणि मला वाटत होतं लवकर कळावं, तिची दमछाक थांबावी.

मग ते त्यांच्या आवाजात आलं, सावकाश, एकही शब्द न गाळता.

"बोलायला मला त्याच हव्यात. लिहायला पुन्हा कधीच नकोत. असंच ना?"

"हो," ती म्हणाली.

दोन वर्षांत मला तिने दिलेली ही पहिली आणि शेवटची शिफारस, आणि ती मला लागायची तिथेच लागली. लिहायला पुन्हा कधीच नकोत. मी असते तर पहिलं वाक्य सांगून गप्प बसले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मला बाहेर पाठवलं होतं. मी पदराने डोळे पुसले. शिपाई दुसरीकडे बघायला लागला.

आत पेन चाललेलं ऐकू येत होतं. मग नियंत्रक म्हणाले, "तसंच लिहिलंय. वाचून दाखवतो." त्यांनी वाचलं, ती "हो" म्हणाली. त्यांनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

तिला सांगायचं होतं. फेरपरीक्षेच्या खोलीबद्दल होतं, जादा वेळेबद्दल होतं, आणि पर्यवेक्षकाने वर्तमानपत्र वाचत बसू नये याबद्दल तर बरंच होतं. साहेबांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. तासभर चालेल अशी चिन्हं होती. मी बाकावर बसून राहिले.